आपली संघ

बाईंना चुका दिसायच्या. आपल्याला आधी दुकान दिसतं आणि मग त्याची पाटी. त्यांना आधी पाटीवरचं ऱ्हस्वदीर्घ दिसायचं, दुकान मागाहून. चौकातल्या न्हाव्याने पाटीवर 'केश' वेगळं आणि 'कर्तनालय' वेगळं लिहिलं, तर बाईंनी त्या बाजूच्या फुटपाथवरून जाणंच सोडलं. शेवटी न्हाव्यानेच वैतागून पाटी बदलली आणि निरोप धाडला, की आता यायला हरकत नाही. लग्नाच्या पत्रिका लोक छापायच्या आधी त्यांच्याकडे आणायचे, कारण छापून आणली तर ती लाल शाईत न्हाऊन परत जायची आणि नवरीच्या आईला रडू फुटायचं. शाळेतली नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण लाल पेन काही बाईंनी खाली ठेवलं नव्हतं. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. मोठमोठी माणसंसुद्धा त्यांच्यासमोर बोलताना आधी मनात वाक्य जुळवून घ्यायची.

अशा बाईंच्या वाट्याला फुटबॉलचा कोच विद्यार्थी म्हणून आला, ही त्यांच्या धाकट्या भावाची करणी. भाऊ मैदानावरच्या तिकीटखिडकीत बसायचा. गावचा संघ तेव्हा वर्षानुवर्षं हरत होता, आणि प्रेक्षक असे तापट, की आधीच्या कोचला मागच्या दाराने पळवून न्यावं लागलं होतं. नवा कोच आला तो पार परदेशातून. उंच, किडकिडीत, भाषेचा गंध नाही. या मैदानाची एक रीत होती: सामना संपला, की कोचने माइकवर येऊन लोकांशी दोन शब्द बोलायचे. नव्या कोचने तिकीटखिडकीशी उभं राहून भावाकडून चार वाक्यं पाठ करून घेतली आणि नेमका पहिलाच सामना पाच गोलांनी गेला. लोकांच्या हातात बाटल्या तयार होत्या. हा माणूस माइकजवळ गेला, घसा खाकरला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा म्हणाला, "आपली संघ हरली. मी वाईट आहे. उद्या आपली संघ शिकणार."

क्षणभर कोणाला काही कळेना. मग कोणीतरी फिस्सकन हसलं. मग रांग हसली, मग सगळा स्टँड पोट धरून हसला. बाटल्या हातातच राहिल्या.

भाऊ मात्र घरी आला तो तोंड पाडून. "ताई, मी त्याला 'संघ' शिकवलं, पण तो की ती, ते सांगायचंच राहिलं गं."

"राहिलं? भाषेत आणखी असतं काय रे?" बाई कडाडल्या. आणि दुसऱ्या दिवशी कोच त्यांच्या स्वयंपाकघरात, टेबलाला गुडघे आपटत, शिकवणीला हजर झाला.

पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, टेबल ते आणि खुर्ची ती, असं का? बाई म्हणाल्या, "का-बिका काही नाही. आहे तसं आहे." यावर तो इतका मोकळेपणाने हसला, की बाईंना रागवायचं सुचलं नाही. मग तो घरभर हिंडत वस्तूंना हात लावून म्हणायचा, तो दरवाजा, ती खिडकी, ते कुलूप. भावाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, तो भाऊ. बाईंकडे बघून मात्र हात पाठीमागे बांधायचा आणि अदबीने म्हणायचा, "त्या बाई." आदरार्थी बहुवचन त्याला पहिल्याच आठवड्यात जमलं. असा विद्यार्थी बाईंना उभ्या नोकरीत मिळाला नव्हता. वर्ष सरायच्या आत तो बिनचूक बोलू लागला. "आपला संघ हरला" हे वाक्य तर त्याने त्या स्वयंपाकघरात इतक्यांदा म्हटलं, की भांड्यांनासुद्धा पाठ झालं असेल.

आणि तरीही मैदानावर संघ हरला, की कर्ण्यातून तेच यायचं: "आपली संघ हरली!"

भाऊ घरी येऊन सांगायचा, बाईंना खरं वाटायचं नाही. म्हणून त्या एकदा स्वतः गेल्या. फुटबॉल त्यांना बावीस माणसांचा पोरखेळ वाटायचा, त्या गेल्या फक्त वाक्य ऐकायला. संघ हरला. कोच माइकवर आला. "आपली संघ..." आणि स्टँडने एका सुरात पुढचं म्हटलं, "हरली!" बाईंचे कान लाल झाले. शेजारचा कोणीतरी म्हणाला, "बाई, हा तुमचाच ना विद्यार्थी?"

पुढच्या शिकवणीला त्यांनी त्याला धारेवर धरलं. "इथे नीट म्हणता. मग तिथे काय होतं?"

कोच खाली बघत म्हणाला, "तिथे गडबडतो, बाई."

बाईंना त्याची दया आली. हजारो लोकांसमोर माणूस गडबडणारच. त्यांनी त्याला उपाय शिकवले. दीर्घ श्वास घ्यायचा, समोरच्या एका खांबाकडे बघायचं, वाक्य आधी मनात म्हणायचं. तो मुकाट्याने श्वास घ्यायचा, खांबाऐवजी फ्रिजकडे बघायचा आणि वाक्य अगदी बरोबर म्हणायचा. रविवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. जिंकल्यावर तरी हा माणूस नीट बोलेल अशी बाईंना आशा होती, पण जिंकल्यावर तो माइकवर फिरकायचाच नाही, खेळाडूंना पुढे ढकलायचा. त्या एका वाक्यापायी बाई दर सामन्याला जाऊ लागल्या, आणि जाता जाता त्यांना ऑफसाइडही कळू लागला. संघ हळूहळू वर आला, कपही मिळाला, गावाने कोचला डोक्यावर घेतलं, सगळं गाव त्याला 'सर' म्हणू लागलं. पण बाजारात भाजी घेताना कोणी ना कोणी चिडवायचंच, "काय बाई, तुमच्या सरांची संघ काय म्हणते?" बाई हसण्यावारी न्यायच्या. आतून मात्र त्यांना लागायचं. इतक्या मुलांना त्यांनी मार्गी लावलं होतं आणि सगळ्यात गुणी विद्यार्थीच जगासमोर नापास होत होता, तेही एकाच वाक्यात.

सर निवृत्त झाले, पण परत गेले नाहीत. शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी चहाला येत राहिले. दोघं मिळून वर्तमानपत्रातल्या चुका काढायचे. कधीकधी सरांना बाईंच्याही नजरेतून सुटलेली चूक सापडायची, आणि मग दिवसभर त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं असायचं. मग एका सकाळी ते आले नाहीत. झोपेतच गेले होते. बाईंनी चहाचा दुसरा कप ओतलेला होता. तो त्यांनी सिंकमध्ये रिकामा केला, आणि भावाने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

रविवारचा सामना सरांच्या आठवणीत खेळायचा ठरला. स्टँडच्या पुढच्या रांगेचा म्होरक्या म्हणजे कोपऱ्यावरचा टेलर, बाईंचाच विद्यार्थी. त्याने स्टँडभर लांबीचा फलक शिवायला घेतला आणि मजकूर दाखवायला बाईंकडे आला. गावात काहीही लिहायचं तर बाईंना दाखवल्याशिवाय कोणाचा हात पुढे जात नसे. कागदावर लिहिलं होतं: 'सर, आपली संघ पोरकी झाली.'

बाईंनी कागद टेबलावर ठेवला. "हे काय आहे?"

"फलकाचा मजकूर, बाई."

"संघ पोरका होतो. पोरकी होत नाही."

"ते माहीत आहे हो. पण सर असंच..."

"सर असंच काय?" बाईंचा आवाज चढला. "तो माणूस याच टेबलाशी बसून शिकला. तुमच्यापैकी कोणाला येत नाही इतकी चांगली भाषा यायची त्यांना. एका वाक्यात गडबडायचे, तेवढंच लक्षात ठेवलंत? जिवंतपणी हसलात ते हसलात. आता मेल्यावर स्टँडभर फलक लावून हसणार?"

टेलरचा चेहरा पडला. "हसतोय कुठे, बाई? जीव होता हो आमचा त्यांच्यावर."

"जीव होता म्हणून चूक बरोबर होत नाही. पोरका लिहा. नाहीतर मला विचारू नका."

टेलर कागद घेऊन गेला. सरांचं वाक्य बदलायला त्याचं मन होईना आणि बाईंचा शब्द मोडायची छाती होईना, त्यामुळे फलक कोराच पडून राहिला. बाईंनाही त्या दिवशी जेवण गेलं नाही. आपण गावाचा विरस केला हे त्यांना कळत होतं. पण एवढ्या गुणी माणसाच्या नावावर कायमची चूकच राहणार, हे त्यांना सोसवत नव्हतं. बाकी सगळे सरांसाठी रडत होते. त्यांच्या अब्रूची काळजी करणारं आपल्याशिवाय कोणी नाही, असं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जुना गोलकीपर आला. सरांच्या पहिल्या संघातला हा. आता बेकरी चालवतो. सुपासारखे पंजे, त्यात गरम पावाची पिशवी. बसला, पाणी प्याला, पुन्हा पाणी मागितलं.

"टेलरने पाठवलं का तुला?" बाईंनी विचारलं.

"नाही. मीच आलो. एक सांगायचं होतं. सरांनी सांगू नको म्हटलं होतं, पण आता..." त्याने पिशवीची गाठ सोडली, पुन्हा मारली. "बाई, आमच्याशी सर कधी चुकीचं बोललेच नाहीत."

"म्हणजे?"

"खोलीत, सरावाला, बसमध्ये. आपला संघ, आपला संघ. तुमच्यासारखंच, अगदी शुद्ध. माइकवर गेले की तेवढं आपली संघ."

"गडबडायचे ते."

"गडबडायचे नाहीत, बाई. मी एकदा गोल खाल्ला होता, पायांमधून. तेवढ्यावरच हरलो. बाहेर माझ्या आईचा उद्धार चालला होता. मी म्हटलं, मी काही बाहेर जात नाही, इथेच राहतो. तर सर म्हणाले, थांब, आधी मी जातो. गेले आणि म्हणाले आपली संघ हरली. सगळे हसायला लागले. मग आत येऊन माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, चल पटकन, आता सगळे मला हसतायत, तुझ्याकडे कोणी बघणार नाही. आणि खरंच कोणी बघितलं नाही."

बाईंनी आपली खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"मी नंतर विचारलं, सर, तुम्हाला तर नीट येतं. म्हणाले, येतं. पहिल्यांदा चुकलो होतो, मग लोक हसले की बाटल्या फेकत नाहीत हे कळलं. फक्त बाईंना सांगू नकोस. चुकून झालेली चूक त्या माफ करतात, मुद्दाम केलेली करणार नाहीत."

बाई उठून ओट्यापाशी गेल्या आणि उगाचच नळ सोडून उभ्या राहिल्या. आधी त्यांना राग आला, चांगला सणसणीत. "इतकी वर्षं मी त्या माणसाला श्वास घ्यायला लावला!" त्या नळाकडे बघत म्हणाल्या. "आणि हा घ्यायचा! फ्रिजकडे बघून!" मग राग कुठल्या कुठे गेला आणि त्यांना रडू आलं. भाऊ दारात येऊन उभा राहिला. ताईला रडताना त्याने आई गेली तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आजच. गोलकीपर बिचारा पाव टेबलावर ठेवून उभाच राहिला.

संध्याकाळी बाई स्वतः टेलरच्या दुकानात गेल्या. "लिही."

"काय लिहू? पोरका?"

"पोरकी."

टेलर घाबरला. "पण बाई, ते चूक आहे ना?"

"मला शिकवू नकोस," बाई म्हणाल्या.

रविवारी फलक स्टँडभर लागला. सगळं मैदान सरांसाठी उभं राहिलं, आणि मग खेळ सुरू झाला. नवा कोच अबोल माणूस. त्याने काहीही केलं तरी लोक सरांशी तुलना करायचे. बरोबरी चालली होती. शेवटी शेवटी एक साधा चेंडू नव्या गोलकीपरच्या हातातून निसटला आणि आत गेला. शिटी वाजली. तो गुडघ्यांवर बसला तो बसलाच.

लोकांचं आठवडाभराचं दुःख त्या एकट्यावर फुटलं. "आजच्या दिवशी तरी!" टेलर स्वतःच ओरडला. "सरांच्या दिवशी!" मग शिव्या सुरू झाल्या. एक बाटली रेषेपाशी येऊन पडली, दुसरी तिच्या पुढे. नवा कोच माइककडे बघत होता, पण त्याचे पाय हलत नव्हते. बाईंच्या एका बाजूला भाऊ होता, दुसऱ्या बाजूला जुन्या गोलकीपरने मान खाली घातली होती.

बाई उठल्या. बाकाला धरून सरळ उभ्या राहिल्या, दीर्घ श्वास घेतला, समोरच्या खांबाकडे बघितलं आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या त्या जुन्या आवाजात म्हणाल्या, "आपली संघ हरली!"

आजूबाजूचे गर्रकन वळले. बाईंच्या तोंडून? भावाला वाटलं, ताईच्या डोक्यावर परिणाम झाला. टेलरच्या हातातली बाटली तशीच राहिली.

"बघता काय?" बाई ओरडल्या. "हरली तर हरली! आपली आहे ना?"

पहिला टेलर हसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. मग रांग हसली, मग सगळा स्टँड. "आपली संघ हरली!" लोक एकमेकांना धरून ओरडत होते, हसत होते, रडत होते. खाली नवा गोलकीपर उठला, मान खाली घालून चालत चालत आतल्या दाराशी पोचला. त्याच्याकडे कोणीही बघत नव्हतं. सगळं गाव बाईंकडे बघून हसत होतं.