क्रोशाचं कव्हर आणि मी न केलेला फोन

चालू कॉम्प्युटरवर मी क्रोशाचं कव्हर घातलं होतं. हसा... आधी पोटभर हसून घ्या, म्हणजे पुढचं नीट वाचाल.

तेव्हा मी जेमतेम सत्तरची, म्हणजे अगदीच अल्लड. स्वतःला फार शहाणी समजणारी. आणि आधीच सांगून ठेवते — भूतखेत मी मानत नाही. आमच्या घरी बुद्धवंदना होते. आत्मा-बित्मा काही नसतं, हे वडिलांनी लहानपणीच डोक्यात पक्कं केलेलं. कुणाच्या अंगात आलं की समोर बसून फुटाणे खाणारी बाई मी!

आम्ही रायपूरला, बूढापाऱ्यात राहतो. त्या मे महिन्यात मुलगा-सून लग्नाला नागपूरला गेले होते. घरी मी आणि नात मिनी. मिनी बिल्डर लोकांसाठी अजून न बांधलेल्या घरांचे व्हिडिओ कॉम्प्युटरवर बनवते. सगळी कमाई ओतून तिने त्यासाठी ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं — विटेपेक्षा जाड, तीन पंख्यांचं. त्याला वीज पुरवायला मोठा पॉवर सप्लाय आणि वेगळी केबल.

जवळच्याच अभनपूर गावच्या एका बिल्डरचं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. एके दिवशी संध्याकाळपर्यंत व्हिडिओ द्यायचा होता. म्हणून तिने कार्ड ओव्हरक्लॉक केलं — कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं.

मी म्हटलं, "म्हंजे बैलाले तुतारीचा खिळा टोचायचा."

"हव, आजी. पर बैल को छाँव भी तो देनी पड़ती है ना? म्हणून एसी चालू ठेवजो. आणि मशीनले हात नको लावू. प्रॉमिस?"

"मले काय लहान पोट्टी समजून राहिली का?"

मशीन चालूच ठेवून ती स्कूटर काढून अभनपूरला गेली, जागेचं एक माप राहिलं होतं म्हणून.

दुपारी मी खोलीत डोकावले. रिकाम्या खोलीत एसी भणभणतोय! यंत्राला काय घाम येतो? केला बंद. मग दिसली धूळ. आमच्या घरात टीव्ही, फ्रिज, मिक्सर, सगळ्यांना मी विणलेली कव्हरं आहेत, गॅसच्या सिलिंडरलासुद्धा झालर आहे. हाच एक बिचारा उघडा! त्याच्यासाठी गुपचूप विणून ठेवलेलं पिवळं कव्हर काढलं. भोकांतून धूळ जाऊ नये म्हणून आतून जुन्या गादीच्या खोळीचं अस्तरही लावलं होतं, काय अक्कल! वरून खाली घट्ट ओढलं, लांब उभं राहून कौतुकाने पाहिलं, घरातली बाकीची बटणं बंद केली आणि बैठकीत जाऊन झोपले.

जाग आली ती दाराच्या आवाजाने. मिनी धावत आत गेली. तिने प्लग ओढल्याचा आवाज आला, आणि मग तो वास... जळक्या प्लास्टिकचा. मी मागोमाग गेले. कार्डाला वीज देणाऱ्या केबलचं टोक वितळायला लागलं होतं.

आणि मी काय केलं? तोंड उघडलं ते खोटं बोलायलाच. "सकाळपासून लाइट कमी-जास्त होऊन राहिली वं... मी तं तुले फोनच करणार होती..."

कव्हर तिच्या हातात होतं, बरं का!

मिनी माझ्याकडे बघतच राहिली. "आजी, काहून झूठ बोलते? तूने ही तो फोन किया. रो रही थी तू."

"मी?"

"तू बोली ना... 'मिनी, मी चुकली वं. एसी बंद केला, कव्हर टाकलं मी. तुह्या मशीनले वास येऊन राहिला. लवकर ये. माफ कर मले.'"

मी झोपले होते. मला वास आला नव्हता. कव्हरामुळे काही बिघडेल हेही मला ठाऊक नव्हतं. आणि 'माफ कर'? हा शब्द मी नवऱ्याला कधी म्हटला नाही, सुनेला नाही, कोणालाच नाही.

मिनीच्या फोनवर 'आजी' म्हणून कॉल आलेला दिसत होता. माझा फोन स्वयंपाकघरात, चार्जरला लावलेला... पण बोर्डाचं बटण मीच बंद केलेलं. बॅटरी पार संपून फोन मेलेला. चार्ज करून पाहिला, तर त्यात मी केलेला कॉल नव्हता.

केबल बदलून कार्ड वाचलं. व्हिडिओ दुसऱ्या दिवशी गेला, बिल्डर कुरकुरला, पण काम हातचं गेलं नाही.

मुलगा-सून परत आले तेव्हा मिनीने फक्त इतकंच सांगितलं, की आजीचा फोन आला म्हणून वाचलं. सून म्हणाली, "आई, तुम्ही होत्या म्हणून बरं झालं." आणि मी... मान डोलवली. "हव, मले वास आला ना." इतकं सफाईने बोलले, की माझं मलाच खरं वाटलं. मिनी समोर बसली होती. तिने माझा मेलेला फोन पाहिलेला होता.

मुलाला मी खरं सांगितलं ते फार उशिरा. तो म्हणतो नेटवर्कची गडबड असेल. असेल बाबा. पण नेटवर्क रडतं का? आत्मा नसतो हे मी आजही मानते. मग माझ्या आवाजात, माझ्या आधी, माझी चूक कबूल करून मोकळं झालं ते कोण? मला अजून कळलेलं नाही. भीती नाही वाटत. लाज वाटते.

मुलगा-सून परत आले त्याच दिवशी, सून चहा टाकायला उठली, मुलगा बॅग ठेवायला आत गेला. मिनी माझ्या शेजारी येऊन बसली, ते पिवळं कव्हर घडी करून माझ्या मांडीवर ठेवलं आणि हळूच म्हणाली,

"आजी, तुझ्यापेक्षा ती फोनवाली आजी चांगली होती. उसने सॉरी तो बोला."