आभार मानण्याआधी

पहाटेच्या एसटीने बार्शी सोडली. शेजारी आमच्या गावच्या छोट्या मंडळातल्या कांताबाई होत्या. त्यांचा नवरा पोलीस कोठडीत मेला, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. वर मात्र कोणी ऐकून घेतलेलं नाही. मानवी हक्कांवर देखरेख ठेवणाऱ्या जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय समित्यांचा कारभार सुधारायचा, म्हणून पुण्यात प्राध्यापक आणि संस्थांची बैठक होती. तिथून सूचना दिल्लीमार्गे जिनिव्हाला जाणार होत्या. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढले. ‘सुधारणा’ हा शब्द दिसला की कोणाचं काय काढून घेतायत, ते आधी शोधते.

लोणी काळभोरनंतर ऊस विरळ झाला. हडपसरला काचेच्या नव्या इमारती उभ्या होत्या.

“हितं काय करत्यात?” कांताबाईंनी विचारलं.

“कॉम्प्युटरवर अमेरिकेची कामं.”

“आन् आपली?”

कोथरूडला रस्ता चुकलो. फाटकाशी उभ्या असलेल्या एका आजोबांना विचारलं, “मानवी हक्कांची बैठक कुठे आहे?”

“सरळ जा. ज्या दारात जास्त मोटारी, तिथेच हक्क.”

पत्ता बरोबर निघाला.

सभागृहात थंडगार हवा होती. प्राध्यापिकाबाई पडद्यावर मसुदा दाखवत होत्या. समित्यांकडे कामाचा ढीग साचलाय, म्हणून यापुढे त्यांनी फक्त नोंदणीकृत संस्थांचंच म्हणणं ऐकावं, असं एक कलम होतं. मला हवं ते सापडलं. आमच्या मंडळाची नोंदणी नाही. म्हणजे कांताबाईंचा आवाज इथेच बंद. मी हात वर केला. संयोजक म्हणाले, “जेवणानंतर घेऊ हं.”

जेवणात पनीर, आम्रखंड, सगळं उभ्याने. कांताबाईंनी कोपऱ्यात बसून पिशवीतले ज्वारी-बेसनाचे तिखट धपाटे काढले. संयोजक तिथे येऊन त्यांना म्हणाले, “ताई, शेवटी आभार तुम्ही माना. ग्रामीण प्रतिनिधी म्हणून.”

“शोभेला बोलावलंय तुम्हाला,” मी नंतर म्हणाले.

“माइक तर देत्यात न्हवं?”

जेवणानंतर माझा हात कोणाला दिसलाच नाही. मसुदा टाळ्यांनी मंजूर झाला. लोक पिशव्या आवरत असताना कांताबाई माइकपाशी गेल्या. आभार चालू असताना उठून जाणं बरं दिसत नाही. सगळे पुन्हा बसले.

“बाईंचे आभार मानायचेत,” त्या म्हणाल्या. “पर माझा मालक कोठडीत मेला तवा मी जिथं जिथं गेले, तिथं इचारलं, तुमची संस्था कंची? आता जिनिव्हाबी त्येच इचारणार आसंल, तर आभार कशाचं मानू? मालक काय नोंदणी करून मेला न्हाई.”

संयोजक पुढे झाले. “आता मंजूर झालंय, ताई. बैठक संपली.”

प्राध्यापिकाबाई जागेवरूनच म्हणाल्या, “अहो, आभार झाल्याशिवाय बैठक कशी संपेल? आणि यांनी ते मानलेले नाहीत.”

त्या बाईंवर माझा सकाळपासून राग होता. त्यांनीच कलम पुन्हा पडद्यावर आणलं. वाद झाला, एक गृहस्थ निघून गेले. अखेर संस्थांच्या जोडीला ‘किंवा बाधित व्यक्ती’ हे शब्द आले. मग कांताबाईंनी आभार मानले, चहावाल्यासकट.

स्वारगेटला परतीची गाडी मिळाली. प्राध्यापिकाबाई वाटल्या तशा नव्हत्या, हे मी मान्य करते. पण हे शब्द आता दिल्लीहून पुढे जाणार, जिनिव्हात आणखी कोणी वेळ वाचवायला बसलेलं असणार. पुण्यात एक बाई माइक धरून उभी राहिली म्हणून आलेले शब्द तिच्यामागे किती टिकतील, याची मला खात्री नाही.

कांताबाई खिडकीला डोकं टेकून होत्या. मला वाटलं, झोपल्या.

“जिनिव्हाला सभा संपवाय आभार लागत्यात का गं?”

“माहीत नाही.”

“मग तिथं त्यास्नी थांबवायचं कसं?” त्या म्हणाल्या.