मंगळवारची खडकी

वारज्याच्या वासंती शेंडे एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळायच्या. नवरा गेल्यावर झोप येईना म्हणून त्या थोडी थोडी पिऊ लागल्या, आणि दोन वर्षांत दुपारपासूनच बाटली निघू लागली. एकदा नातीला सांभाळताना त्यांचा डोळा लागला. दूध उतू जाऊन गॅस विझला आणि घरभर वास पसरला. त्या दिवशी लेक नातीला घेऊन गेली, तिला पुन्हा आणलंच नाही.

ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून वासंतीबाईंनी दारू सोडणाऱ्यांची सभा शोधली ती थेट खडकीत. मंगळवारी संध्याकाळी दोन बस बदलून त्या पोचल्या. खोलीत सगळे पुरुषच होते. दाराशी बसलेल्या म्हाताऱ्याने अदबीने विचारलं, "मिस्टर नाही आले? घरच्यांची बैठक शनिवारी असते, ताई."

"मिस्टर वारले. त्यांनी कधी थेंबही घेतला नाही," त्या म्हणाल्या. "पिते मी."

म्हातारा ओशाळला, त्याने उठून आपली खुर्ची त्यांना दिली. बोलायची पाळी आली तेव्हा त्यांना नावापलीकडे काही बोलता आलं नाही.

घरी येऊन त्यांनी लेकीला फोन केला आणि दारू सोडतेय म्हणून सांगितलं.

"आई, हे तू मागेही म्हणाली होतीस."

"या वेळी सभेला जाऊन आले गं."

"बरं."

मागून नातीचा आवाज येत होता. तिला फोन दे, असं म्हणायचं धाडस वासंतीबाईंना झालं नाही.