काचलेली जागा

आम्ही सायकली घेतल्या तेव्हा मुलगी शिकायला पुण्याला गेली होती आणि पेणच्या आमच्या घरात संध्याकाळी दोघांना बोलायला फारसे विषय उरले नव्हते. हे रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला जायचे. तिथल्या काहीजणांचा सायकलचा ग्रुप होता. ह्यांनी मला विचारलं, तू येतेस का. माझं माहेर गडबचं, कॉलेजला मी तिथून पेणला सायकलनेच यायचे. मी हो म्हटलं.

पहिली लांबची फेरी रोह्यापर्यंत केली. वडखळ, गडब, नागोठणं, कोलाड, आणि मग रोह्यात नणंदेकडे जेवण. हायवेवरचे खड्डे सीटमधून थेट अंगात शिरत होते. परत आलो तेव्हा दोघांच्याही जांघा काचून लाल झाल्या होत्या. अंगावर पाणी घेतलं तर आग आग झाली. मी दोन दिवस पाय फाकून चालत होते, आणि शेजारीण विचारायला लागली म्हणून पायात चमक भरल्याचं सांगितलं. खरं कुठं दुखतंय ते बाईमाणूस सांगणार कोणाला?

पण मी विचारलं. पनवेलच्या सायकलच्या दुकानात एक मुलगी होती, स्वतः लांबच्या शर्यती करणारी. तिने मला कोपऱ्यात नेऊन सगळं स्वच्छ सांगितलं. पॅडवाल्या चड्डीच्या आत दुसरं काही घालायचं नाही, आतल्या शिवणीच काचतात. निघण्याआधी क्रीम लावायचं. घरी आलं की चहासुद्धा नंतर, आधी ओले कपडे काढायचे, धुवायचं, कोरडं करायचं. सीट उंच असेल तर कंबर डावी-उजवी हलत राहते आणि कातडी घासते. आणि कातडी फाटली असेल, तर भरून येईस्तोवर सायकलला हात लावायचा नाही.

मी घरी येऊन ह्यांना जसंच्या तसं सांगितलं. ते हसले. आत काही न घालता हायवेवर जायचं, हे त्यांना पटेना. क्रीमची डबी त्यांनी कपाटात ठेवून दिली. माझी सीट मी खाली करून घेतली, त्यांची होती तशीच राहिली.

मग ग्रुपमध्ये ट्रायथलॉनचं खूळ शिरलं. आधी पोहायचं, अंग न पुसता सायकलवर बसायचं आणि शेवटी धावायचं. ह्यांचं लहानपण खाडीच्या पाण्यात गेलेलं, पोहण्याचं भय नव्हतं. पावसाळा सरल्यावर सराव जोरात सुरू झाला. ऑक्टोबरचं ऊन होतं, दोन्ही बाजूंना भातं पिवळी पडत होती, आणि घामाने कपडे अंगाला चिकटून राहायचे.

त्या दिवसांत मला काही गोष्टी दिसत होत्या. गडबच्या पुढे रस्ता सपाट आहे, तरी हे पॅडलवर उभे राहून सायकल मारायचे. कोलाडला चहाला थांबलो की सगळे बाकावर बसायचे आणि हे सायकलला टेकून उभे. आयुष्यात कधी रुमालही न धुतलेला माणूस स्वतःची चड्डी स्वतः धुवून मागच्या दारी वाळत घालायला लागला. पाणी तर इतकं प्यायचे की फ्रिजमधल्या बाटल्या भरून ठेवाव्यात आणि रिकाम्या सापडाव्यात. मी म्हटलं, उन्हाचं असेल. ते बारीक झाले होते. ग्रुपमधले म्हणायचे, सायकल मानवली तुम्हाला.

एकदा मी विचारलंच.

"काय नाय गो, घासलंय जरा," ते म्हणाले. "सवय झाली की कातडी घट्ट होते."

दाखवा म्हटलं तर विषय बदलला. एवढी वर्षं संसार केलेला माणूस, पण तेवढी जागा मला दाखवायला तयार नव्हता.

स्पर्धेआधीचा शेवटचा सराव कोलाडजवळच्या कालव्यात ठरला. पोहून निघायचं, ओल्या अंगानेच रोह्याला सायकल मारायची आणि तिथे थोडं धावून नणंदेकडे जायचं. सकाळी निघताना ह्यांचं अंग मला गरम लागलं. हात कपाळाला लावला तर त्यांनी मान मागे घेतली. कालव्याचं पाणी गढूळ होतं, कडेला गुरं उतरली होती. हे सगळ्यांच्या आधी पाण्यात गेले आणि सगळ्यांच्या मागून बाहेर आले. पाण्यातून वर येताना ते थरथरत होते. उन्हात उभं राहूनही थरथर थांबेना.

रोह्याच्या वाटेवर मी त्यांच्या मागे राहिले. ते एकाच अंगावर कलून बसले होते. चड्डीच्या मागे एक डाग होता. पाण्याचा म्हणावा तर तो वाळत नव्हता. आम्ही धावणं सोडून सरळ नणंदेच्या घरी गेलो.

ते दारातच उभे राहिले. नणंदेने खुर्ची पुढे केली, तर म्हणाले, आधी अंघोळ करतो. बाथरूमचं दार लागलं. नणंद माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "वैनी, दादाच्या अंगाला वास कसला येतोय गो?"

मलाही येत होता. वाटेत वाऱ्याने कळला नव्हता, त्या छोट्या खोलीत कळला. कालव्याचा नव्हता तो. आत पाण्याचा नळ चालू होता, पण बादली, तांब्या, कशाचाच आवाज नव्हता. मी दोनदा हाक मारली. मग नणंदेच्या नवऱ्याने खांदा लावून कडी उचकटली.

हे भिंतीला धरून उभे होते, डोळे उघडे, पण मला ओळखल्यासारखे दिसेनात. तेव्हा मी ती जागा पाहिली. आतल्या चड्डीची शिवण जिथे बसायची तिथे कातडी फाटून गळू झालं होतं आणि त्याच्या भोवतीचं मांस सुजून जांभळं पडलं होतं. मधला भाग काळा होता. सोललेलं, लाल झालेलं मी पाहिलं होतं, माझंही झालं होतं. तो काळा रंग मी जिवंत माणसाच्या अंगावर कधी पाहिला नव्हता.

रोह्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी हातमोजा घालून काळ्या भागाच्या बाजूला, चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर, बोटाने दाबलं. थांबले. पुन्हा दाबलं. मग मला विचारलं, शुगर आहे का. मी नाही म्हटलं. त्यांनी ह्यांच्या बोटातून रक्त घेऊन मशीन बघितलं आणि शुगरचा वाढलेला आकडा माझ्यासमोर धरला.

"वरून दिसतंय तेवढंच नाहीये," ते म्हणाले. "आत पसरतंय. इथं वेळ घालवू नका."

अॅम्ब्युलन्स पनवेलच्या दिशेने निघाली. ज्या रस्त्याने आम्ही हसत सायकली मारल्या, तोच रस्ता उलटा जात होता, आणि प्रत्येक खड्ड्याला हे कण्हत होते. मध्येच त्यांना शुद्ध आली. मी विचारलं, किती दिवस झाले ह्याला? ते म्हणाले, "लाज वाटली गो. तुला दाखवायची पण."

संध्याकाळी ऑपरेशन झालं. आतलं कुजलेलं मांस काढावं लागलं, आणि दोन दिवसांनी पुन्हा थोडं. सर्जन बाईंनी मला समजावलं की शुगर वाढलेली असली की साधी काचलेली जागासुद्धा बरी होत नाही, तिथे जंतू माजतात. त्या म्हणाल्या, अजून एखादा दिवस गेला असता तर हातात काही राहिलं नसतं.

हे वाचले. जखम उघडी ठेवली होती, ती आतून भरत येईस्तोवर भातं कापून, झोडून, शेतात वाल उगवून आला. रोज ड्रेसिंग मी करायचे. सुरुवातीला ते तोंड भिंतीकडे करायचे. पुढे पुढे गप्पा मारायला लागले, कंपनीतल्या, मुलीच्या, कशाच्याही. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढं बोलणं कधी झालं नव्हतं.

आता ह्यांना इन्शुलिन आहे आणि कंपनीत बसून करायचं काम आहे, पण तिथेही फार वेळ बसवत नाही. यंदा उन्हाळ्याच्या आधी त्यांनी सायकल बाहेर काढली. मी नको म्हटलं नाही. डॉक्टरांना विचारून, सीट बदलून, नीट क्रीम लावून ते जवळच्या जिते गावापर्यंत जायला लागले, तेवढंच, आणि परत.

परवा सकाळी ते अंघोळ करून आले, टॉवेलातच उभे राहिले आणि म्हणाले, "जुन्या जागेच्या कडेला जरा कठीण लागतंय. बघतेस का?"

मी चष्मा लावला आणि त्यांना खिडकीच्या उजेडात उभं केलं. चण्याएवढी गाठ होती. बोट लावलं तर आजूबाजूपेक्षा गरम. मी कपडे बदलून आले. तेही कपडे घालून बाहेर ओट्यावर उभे होते. रिक्षाने पोचलो तेव्हा दवाखाना नुकताच उघडला होता आणि आमच्या आधी कोणीच आलेलं नव्हतं.