बाबूसिंगचा आकडा

बाबूसिंग आडेचा मले अजूनही राग येते. माणूस जित्ता आहे म्हणून तो राग तोंडावर काढता येते, एवढंच काय ते नशीब. मी तांड्यावर जाते, खाटेशी बसते अन् बोलते. तो ऐकून घेते. "बोला ताई, तुमचा हक्क आहे," म्हणते. मंग तं मले आणखीनच चीड येते.

नेरच्या बसस्टँडामागं त्याचं गॅरेज अन् माझं शिलाईचं दुकान, मधात एकच टिनाची भिंत. मी सत्यशीला. ब्लाउज शिवता शिवता मोटरसायकलच्या सीटा शिवायले लागली ते याच्याच पायी. जुन्या गाडीची सीट जुन्यासारखीच पाहिजे, कडेची पांढरी पट्टी तेवढ्याच जाडीची पाहिजे, नाही तं हा माणूस तीन-तीन डाव उसवायले लावे. "ताई, पट्टी एक सूत बाहेर आली." एक सूत! मी म्हणो, "बाबूभाऊ, वर बसणाऱ्याले दिसते का थे?" तं म्हणे, "मले दिसते ना."

बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला, बापानं वावरात हाडं झिजवली, अन् हा लोखंडाच्या नादी लागला. तेही जुन्या लोखंडाच्या. जावा, राजदूत, इंग्रजांच्या वक्ताच्या गाड्या. ज्या गाडीवर वीस वर्सं कोंबड्या बसल्या, ते टेम्पोत घालून नागपूर-अमरावतीचे लोक याच्या दारात आणून टाकत. वर्सभरानं तीच गाडी एका किकमध्ये सुरू होऊन जाय. हौसेला मोल नाही म्हणतात ना, त्या हौशी लोकांवर बाबूभाऊचं घर चाले.

त्याची एक रीत होती. गाडी आली की दोन दिवस तिच्याभोवती फिरायचं, काही बोलायचं नाही. तिसऱ्या दिवशी एकच आकडा सांगायचा. गिऱ्हाईक हौ म्हटलं की त्याच्या तळहातावर मिठाचा एक खडा ठेवायचा, एक आपल्या. दोघांनी जिभेवर घेतला की सौदा पक्का. मंग आकडा हलत नाही, सामान अस्सलच लागते, अन् गाडी गिऱ्हाईकाच्या पायानं सुरू होईस्तोर एक रुपयाही घ्यायचा नाही. आजाची रीत म्हणे. मी म्हणो, "भाऊ, तुमच्या आजाले इंग्लंडातून पिस्टन नव्हता मागवा लागत." तो हासे. हासला की मले वाटे, ऐकलं. ऐकलं कशाचं!

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात नागपूरचे दाताचे डॉक्टर आले, अतुलसाहेब. लढाईच्या काळातली बीएसए मोटरसायकल घेऊन. टाकीले हात लावला तं हाताले गंजाचा भुगा. बाबूभाऊचे डोळे असे चमकले का त्याची बायको मानीवहिनी मले म्हणे, "लगनातही माह्याकडे असं पाह्यलं नव्हतं यानं." आकडा ठरला एक लाख चाळीस हजार. त्यात ऐंशी हजाराचं सामान इंग्लंडातून येणार होतं. तेव्हा पाउंड एकशे सहा रुपयाले होता. मीठ खाल्लं. त्याच उन्हाळ्यात आणखी दोघांसंगही खाल्लं होतं.

आता त्याची कामाची रीत अशी का आधी सांगाडा, मंग टाकी, रंग, चाकं, अन् इंजन सगळ्यात शेवटी. काहून, तं जोडलेलं इंजन पडून राह्यलं का त्याले आतून जंग धरते. आणि इंजन उघडल्याशिवाय सामान मागवायचं नाही, उगाच जास्तीचं येते. तीस वर्सं हे बरोबरच होतं. पण या डावा सांगाडा सरळ करता करता, रंग चढवता चढवता सव्वा वर्स गेलं, अन् तिकडे रुपया घसरत राह्यला. टीव्हीवर सांगत. आमच्याकडे रुपया पडला का लोक सोन्याचा भाव विचारतात. पिस्टनचा कोण विचारते? पाउंड एकशे वीसले गेला. तिकडच्या दुकानदारानंही भाव वाढवले, विमानाचं भाडं वाढलं, अन् कस्टम तं वाढलेल्या किमतीवरच बसते. ऐंशी हजाराचं सामान लाखाच्या वर गेलं. असंच दुसऱ्या दोन गाड्यांचं. त्या दोन त्यानं देऊन टाकल्या, घाट्यात, हासत हासत. मानीवहिनीनं बकऱ्या विकल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

बीएसएचं कार्बुरेटर आलं, मॅग्नेटो आला. पिस्टन, रिंगा अन् वॉल्व बाकी राह्यले. बावीस हजाराचं काम. हातात होते चार.

मी म्हटलं, "डॉक्टरले फोन करा. शिकेल माणूस आहे, त्याले रुपया समजते."

"मीठ खाल्लं ताई."

"मंग मी करते फोन. सीटच्या रंगासाठी त्यांचा नंबर आहे माह्यापाशी."

आजवर माह्यावर आवाज न चढवलेला माणूस, त्या दिवशी पाना टेबलावर आपटून म्हणे, "तुम्ही फोन केला तं मी तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही. तीस वर्साचं नाव आहे माह्यं. बाबूसिंगचा आकडा हलला असं कोणी म्हटलं पाहिजे का?"

मी मोबाईलवर लिहून ठेवलं होतं, "साहेब, सामान महाग झालं आहे." पुसून टाकलं. भेली मी. माणसाच्या नावाले हात लावायचं भेव वाटते, अन् त्याच्या जिवाले आपण हात लावून राह्यलो हे ध्यानातच येत नाही.

आठ दिवसांनी म्हणे, "पिस्टन आला." मले आनंद झाला. मी पाहायले गेली. इंग्लंडचं सामान खोक्यात येते, वर चिकटपट्ट्या, शिक्के. हा पिस्टन वर्तमानपत्रात गुंडाळला होता. शेतातल्या पाण्याच्या इंजनाचा जुना पिस्टन लेथवर घासून मापात आणलेला. त्यानं माह्याकडे पाह्यलं नाही. एक सूत पट्टी बाहेर आली तं शिलाई उसवायले लावणारा माणूस! मले सारं समजलं. अन् मी काय केलं? "च्या घेता का?" विचारलं.

कोणतीही गाडी गिऱ्हाईकाले द्यायच्या आधी तो स्वतः चालवून पाहे. यवतमाळपावतर अन् वापस. माह्या मतानं त्याले त्या पिस्टनचा भरोसा नव्हता, म्हणून सकाळी मानीवहिनीले न सांगता बीएसए घेऊन गेला. जातानी गाडी चांगली चालली म्हणे. वापस येतानी इंजन तापलं, तो पिस्टन फुगला अन् सिलिंडरात अडकला. मागचं चाक जागीच थांबलं. क्लच दाबायले याचा हात पोचेस्तोर गाडी याच्या उजव्या पायावर होती.

दवाखान्यात पायात सळई टाकली. गुडघ्याचा चुरा झालता, तो आता वाकत नाही. कोणत्याही गाडीले किक मारणं या जन्मी नाही.

अतुलसाहेब भेटायले आले. चांगला माणूस, फळं आणली, डॉक्टरांशी बोलून आले. मंग खाटेपाशी बसून म्हणाले, "अहो बाबूसिंग, गाडीचं सोडा. पण एवढं चालू इंजन असं अचानक कसं जाम झालं?"

बाबूभाऊनं सांगून टाकलं. सगळं. पाउंड, बकऱ्या, लेथ. मी दाराशी उभी होती, मानीवहिनी पदर तोंडात घालून भिंतीकडे पाहत होती.

साहेब म्हणाले, "वीस-पंचवीस हजारांसाठी? मागितले असते तर लगेच दिले असते ना मी! त्या गाडीवर मी बसणार होतो, माझा मुलगा बसणार होता."

"हौ साहेब," बाबूभाऊ म्हणे. "आकडा सांभाळला अन् बाकी मोडलं. तुमचाच गुन्हेगार आहे."

 साहेब उठता उठता, रागानं नाही, आपलं सहज विचारल्यासारखं म्हणाले, "मग बाकीच्यांच्या गाड्यांत काय घातलंय तुम्ही?"

माय माय! त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं. बाबूभाऊ म्हणे, "अस्सल, साहेब. सगळ्या गाड्यांत अस्सल." साहेबांनी मान हालवली अन् गेले. बीएसए तांड्यावरच्या हरिसिंगच्या टेम्पोत घालून नागपूरले नेली. ठरलेल्यातले अर्धे पैसे मानीवहिनीच्या हातात ठेवून गेले, हे सांगितलं पाहिजे.

जुन्या गाडीवाल्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. साहेबांनी काय लिहिलं मले ठाऊक नाही, वाईट नसंनच लिहिलं. पण बाबूभाऊचा मोबाईल अपघातात फुटलता, म्हणून फोन माह्या दुकानावर येऊ लागले. अमरावती, अकोला, वर्धा, पुणं. तब्येत विचारत, अन् मंग अडखळत अडखळत तोच एक सवाल. मी तांड्यावर जाऊन त्याच्या हातात फोन देवो. तो परत्येकाले सांगे, "नाही भाऊ, तुमच्या गाडीत अस्सल आहे, बेफिकीर राहा." पलीकडून "बरं, बरं" येई. कोणीच "मले माहीत होतं" म्हटलं नाही. एका हप्त्यात अकरा फोन झाले. बाराव्याले मीच चिडली, "तीस वर्सं तुमच्या गाड्या चालल्या थे काय हवेवर चालल्या का?" तो माणूस म्हणे, "ताई, पोरं बसतात गाडीवर." 

परवा हरिसिंग दुकानावर आला. नागपूरच्या एका गॅरेजात त्यानं बाबूभाऊनं जोडलेल्या चार गाड्या पाह्यल्या, इंजन उघडून टेबलावर मांडलेले. मेकॅनिकनं त्याले सांगतलं, चाऱ्ही अस्सल निघाल्या, रिंगासुदिक इंग्लंडच्या.

मी तसंच दुकानाचं शटर पाडलं अन् ऑटो करून तांड्यावर गेली. एवढी खुशीत मी कित्येक महिन्यांत नव्हती. चपला न काढताच आत शिरली अन् सांगतलं, "बाबूभाऊ, चाऱ्ही गाड्या उघडून पाह्यल्या. चाऱ्हीत अस्सलच निघालं!"

तो छताकडे पाहत होता, तसाच पाहत राह्यला.

"उघडल्या म्हणता ना, ताई," म्हणे.