वडखळची आडवी रेघ

पेण-रोहा गाडीत आलेखबाई चढायच्या त्याआधी त्यांची फूटपट्टी चढायची. स्टीलची, लांबलचक, पर्सच्या तोंडातून वीतभर बाहेर आलेली. गर्दीत ती कुणाच्या ना कुणाच्या बरगडीला लागायचीच. "बाई, तलवार म्यान करा, कोणाचा तरी डोला जायाचा," असं कंडक्टरभाऊ रोज म्हणायचे. बाई रोज "हो हो" म्हणायच्या आणि बसायला जागा मिळाली रे मिळाली की पट्टी पूर्ण बाहेर काढायच्या. त्यांना रेघ मारायची घाई असायची.

बाई पेणच्या, शाळा रोह्याची. अर्धं आयुष्य त्यांनी या रस्त्यावर काढलं. त्यांचं खरं नाव गाडीतल्या सगळ्यांना माहीत होतं, पण शाळेतल्या पोरांनी ठेवलेलं 'आलेखबाई' हे नाव एकदा गाडीत शिरलं ते उतरलंच नाही. बाईंनाही त्याचं काही वाटत नसे. त्यांच्याकडे चौकटीच्या कागदाची एक जाड वही असायची आणि तिच्यात त्या रोजच्या प्रवासाचा आलेख काढायच्या. खाली वेळ, डावीकडे पेणपासूनचं अंतर. गाडी पळाली की रेघ उभारी धरायची, रेंगाळली की मंदावायची. "कोणी गाडीत जप करतं, कोणी झोपतं, मी आलेख काढते. तिघांनाही रोहा एकाच वेळी येतं," असं त्या म्हणायच्या.

मी तेव्हा रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत पॅकिंगला होते. गाव पेणच्या आतल्या बाजूला, भातशेतीचं. सकाळी विक्रम रिक्षाने पेण, तिथून एसटीने रोहा, पुढे शेअर रिक्षा. एक दिवस वडखळला गाडी अडकली. ज्यांनी तेव्हाचं वडखळ पाहिलंय त्यांना सांगायला नको. पुढे ट्रक, मागे ट्रक, मध्ये आम्ही. मला जनरल शिफ्ट गाठायची होती आणि उशीर झाला की गेटवरचा माणूस सगळ्यांसमोर बोलायचा. मी सारखी उठून पुढे बघत होते. शेजारी बसलेल्या बाई मात्र शांतपणे पट्टी लावून वहीत एक आडवी रेघ लांबवत होत्या.

"ही कसली रेघ वो?" मी न राहवून विचारलं.

"ही? हे वडखळ," बाई म्हणाल्या. "वेळ पुढे चाललाय, आपण नाही. याला म्हणतात चढ शून्य."

मागच्या सीटवरचे चार जण हसले. मीही हसले, आणि हसता हसता तोंडातून निघून गेलं, "बाई, हे मला शालंत कोण असं सांगितलं असतं तर दहावीला दोनदा नापास नसती झाले." बाईंनी पट्टी खाली ठेवली. कशात, किती मार्क, कुठली शाळा, सगळं विचारून घेतलं. गणितात. दोन्ही वेळा. मग त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून माझ्याच शेजारी बसायचं."

आता खरं सांगते, मला शिकायची हौस आली होती असं काही नाही. पॅकिंगच्या पावडरीने माझ्या हातांची सालं निघत होती. कंपनीच्या लॅबमध्ये एक मदतनीस हवी होती. तिथे खुर्ची, पंखा आणि काचेची भांडी. लॅबचे साहेब भले होते. "तुझं काम स्वच्छ असतं. दहावीचं सर्टिफिकेट आण, निकाल लागेपर्यंत मी जागा भरत नाही," असं त्यांनी सांगितलं होतं. मी फॉर्म भरला होता. बाकीच्या विषयांत मी मार खाणारी नव्हते. खुर्ची आणि माझ्यामध्ये उभं होतं ते फक्त गणित.

दुसऱ्या दिवसापासून बाईंची छत्री शेजारची सीट अडवून बसू लागली. कोणी "इथे कोण आहे का?" विचारलं की बाई म्हणायच्या, "माझी विद्यार्थिनी आहे, येतेय." मी तीस वर्षांची, दोन पोरांची आई, डब्याची पिशवी सांभाळत मधल्या वाटेने यायची तेव्हा विचारणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

बाईंची शिकवण्याची रीत रस्त्यावरचीच. नागोठण्याच्या पुढे भिसे खिंड लागली की गाडी कण्हायला लागायची. बाई लगेच म्हणायच्या, "ऐक. पुढे किती गेलो आणि त्यात वर किती चढलो, एवढाच प्रश्न. वरचं भागिले पुढचं. झाला चढ." माथा ओलांडून गाडी उताराला लागली की त्या बोटाने बाकावर टकटक करायच्या, "आता?" मी म्हणायची, "ऋण." पुढे पुढे खिंड आली की मी बोलायच्या आधी कंडक्टरभाऊच तिकिटं फाडता फाडता "धन, धन, धन" असं म्हणत पुढे सरकायचे आणि उताराला "आता ऋण, धरून बसा!" म्हणून ओरडायचे. अख्ख्या गाडीला चढ कळला होता, फक्त परीक्षा मला एकटीला द्यायची होती.

एकसामयिक समीकरणांसाठी तर त्यांनी खेळच काढला होता. आम्ही पेणहून निघायचो त्याच सुमारास रोह्याहून एक गाडी पेणकडे सुटायची. बाईंच्या वहीत एक रेघ वर चढणारी, एक खाली उतरणारी. दोन्ही जिथे एकमेकींना छेदतील तिथे गाड्या भेटणार. आज नागोठण्याच्या अलीकडे की पलीकडे, यावर पैज लागायची. हरणाऱ्याने दुसऱ्या दिवशी उकडलेल्या शेंगा आणायच्या. थंडीत कोणाच्या शेतावर पोपटी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायचा बेत, लागली असेल तर वालाच्या शेंगा. बाई समीकरणं मांडून उत्तर काढायच्या आणि तरी निम्म्या वेळा ड्रायव्हरकडून हरायच्या, कारण ड्रायव्हरला रस्ता माहीत होता. शेंगा सोलताना त्या म्हणायच्या, "माझं गणित बरोबर होतं. गाडी चुकली."

एकदा मी पैज जिंकले. त्या दिवशी आमची गाडी पेणहूनच दहा मिनिटं उशिरा सुटली होती. मी वही मागून घेतली, आमची रेघ दहा मिनिटं उजवीकडे सरकवली आणि बोट ठेवलं, "बाई, आज गडबच्या जवल." गडब मागे पडतंय तोच समोरून लाल गाडी आली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. बाईंनी माझं मनगट इतक्या जोरात धरलं की बांगडी वाढली. "कळलं गो तुला! कळलं!" त्या ओरडल्या. माझ्या लग्नातसुद्धा माझ्यासाठी इतकं कोणी खूश झालेलं मला आठवत नाही.

पण कळणं वेगळं आणि पेपर सोडवणं वेगळं. दर रविवारी पोरांना झोपवून दुपारी मी एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवायची, सोमवारी बाईंना द्यायची, मंगळवारी ती तपासून परत यायची. लाल खुणा, फुल्या, कडेला शेरे; मार्क मात्र नसायचे. मी विचारलं की बाई खिडकीबाहेर बघायच्या. "मार्क कळले की तू खूश तरी होशील नाहीतर रडशील. दोन्हींत वेळ जातो." मला त्यांचा राग यायचा. एवढं मरमर करून आपण कुठे आहोत तेही कळू नये? मग मी विचारायची, "पास तरी व्हईन ना?" त्यावर त्या माझ्याकडे वळून ठामपणे सांगायच्या, "होशील. न व्हायला काय झालं?" इतका ठामपणा की मी पुढच्या गणिताला लागायची.

माझी सगळ्यात मोठी चूकही या रस्त्यानेच शिकवली होती. बाईंचा नियम होता, रेषा काढायला दोन बिंदू पुरतात, पण तीन घ्यायचे. "दोघं मिळून खोटं बोलू शकतात. तिसरा साक्षीदार." एका रविवारी माझे तीन बिंदू एका रेषेत येईनात. मी खुशाल पहिला दुसऱ्याला जोडला, तिथे रेघ वाकवली आणि तिसऱ्याला नेऊन भिडवली. मंगळवारी बाईंनी विचारलं, "ही इथे का वाकली?" मी म्हटलं, "बाई, मला वाटलं तिथं वडखळ असंल." बाई हसल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग चष्मा लावून गंभीरपणे म्हणाल्या, "गाडीची रेघ वाकते. समीकरणाच्या रस्त्यात वडखळ नाही. बिंदू रेषेवर नसेल तर रेष वाकवायची नाही, बिंदू तपासायचा."

परीक्षेच्या दिवशी माझं केंद्र पेणलाच होतं, म्हणजे गाडी नाही आणि बाई नाहीत. आजूबाजूला सगळी पोरंसोरं. पहिले काही प्रश्न गेले कसेबसे. मग आलेखाचा आला, दोन एक्स अधिक वाय बरोबर तीन. तीन बिंदू काढले, मांडले, आणि तिसरा बाजूला पडला. हात खरंच रेघ वाकवायला निघाला होता. तेवढ्यात बाईंचं ते चष्मा पुसत हसणं आठवलं आणि पेपरात बसून मला हसू फुटलं. पर्यवेक्षकांनी वर बघितलं. मी बिंदू तपासला. वजाला वजाने गुणल्यावर अधिक येतं हे मी विसरले होते, एकाच्या जागी पाच हवे होते. पाचावर बिंदू ठेवला, पट्टी लावली, आणि तिन्ही बिंदू गुमान एका रेषेत उभे राहिले. चढाचा प्रश्न आला तेव्हा मी मनात "धन, धन, धन" म्हणत तो सोडवला.

निकालाच्या दिवशी सुट्टीच्या वेळी मोबाईलवर बघितलं. गणितात अठ्ठेचाळीस. मी बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, "परत सांग." मी परत सांगितलं. "नीट बघून सांग. दुसऱ्या विषयाचे नाहीत ना वाचलेस?" मी चिडले. "बाई, अठ्ठेचालीसच हायत!" विद्यार्थिनी पास झाली तर बाई खूश व्हायच्या सोडून आकडे तपासतात, याचं मला थोडं वाईटच वाटलं. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी साऱ्या गाडीला पेढे वाटले, ड्रायव्हरला दोन.

लॅबची खुर्ची मिळाली. तिथे गेल्यावर पहिल्याच महिन्यात साहेबांनी एक काम दाखवलं. ठरावीक ताकदीची चार-पाच द्रावणं करायची, यंत्रावर त्यांचं मोजमाप घ्यायचं आणि आलेख काढायचा. सरळ रेषा आली तर यंत्र ठीक. मी कागदावर बघत राहिले. खाली द्रावणाची ताकद, डावीकडे यंत्राचा आकडा, मध्ये तीच वर चढणारी रेघ. साहेब म्हणाले, "समजलं का? समजावून सांगू?" मी म्हटलं, "नको साहेब. आमच्या गाडीत रोज असायची ही."

बाई दोन वर्षांनी निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पेणला उतरल्यावर त्यांनी पर्समधून आपल्या दर वर्षीच्या वह्यांपैकी एक काढून माझ्या हातात दिली. "ही तुझ्या वर्षाची. रद्दीत घालू नको," म्हणाल्या आणि पट्टी कुणाला लागू नये म्हणून पहिल्यांदाच हाताने झाकून गर्दीतून गेल्या. बाई अजून पेणलाच असतात. गणपतीत मी जाते, त्या पोह्याचे पापड बांधून देतात. पण गाडीत त्या नाहीत, आणि ती पोकळी मला रोज जाणवते.

वही मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत खिडकीशी बसून मी ती उघडली. पानांमागून पानं आमच्या गाडीची. वडखळच्या आडव्या रेघा, खिंडीपाशी मंदावलेल्या रेघा, छेदनबिंदूंपाशी 'शेंगा मी', 'शेंगा ड्रायव्हर' अशा नोंदी. शेवटी एक पान वेगळं निघालं. खाली आठवडे, डावीकडे मार्क. वर माझं नाव.

पहिल्या रविवारचा बिंदू नऊवर. मग दर आठवड्याला साधारण दीड मार्काने वर सरकणारे बिंदू, आणि त्यांच्यामधून पट्टीने मारलेली रेष. परीक्षेला चौदा आठवडे होते. रेष चौदाव्या आठवड्यापर्यंत तुटक तुटक पुढे नेलेली होती आणि ती जिथे पोचत होती तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं: तीस. पास व्हायला पस्तीस लागतात.

म्हणजे बाईंना माहीत होतं. सगळा वेळ माहीत होतं. आयुष्यभर ज्या रेषेवर त्यांनी विश्वास ठेवला, ती रेष मी नापास होणार म्हणून सांगत होती, आणि त्या रोज माझ्याकडे वळून ठामपणे सांगत होत्या, होशील.

तोवर वडखळला बायपास झाला होता. गाडी थांबायची नाही, सरळ निघून जायची. त्या दिवशी मात्र मला वाटलं, इथे थोडी अडकली असती तर बरं झालं असतं. डोळ्यांतलं पाणी पुसायला जरा वेळ मिळाला असता.

त्या तुटक रेषेच्या कितीतरी वर, अठ्ठेचाळीसवर, एकच बिंदू होता. लाल शाईचा. त्याच्याभोवती गोल, आणि शेजारी बाईंच्या वळणदार अक्षरात तीन वाक्यं:

हा बिंदू रेषेवर नाही. तपासला. बरोबर आहे.