बडग्याच्या अंगातला काळा कोट

माणसाचं एक बारसं आई-बाप करतात. खरं बारसं सक्करदऱ्यात आमच्या समोरचे काका करत. नागपूरच्या उन्हातही काळा कोट आणि टोपी घालून ते दारातल्या खाटेवर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नाव ठेवत. रडव्या चेहऱ्याचा पोस्टमन 'तेरवी', डुलत चालणारे हेडमास्तर 'सायकलरिक्षा' आणि माझ्या कानांकडे बघून मी 'सूप'. काकांनी ठेवलेलं नाव त्यांचा थोरला मुलगा दिवस मावळायच्या आत शाळाभर पोचवी. डोकं बापाचं, तोंड पोराचं. काय ते संस्कार, वा!

शेजारची सुमन बोलताना अडखळायची. काकांनी तिचं 'तारघर' करून टाकलं. मग काय, ती दिसली की पोरं तारेच्या यंत्रासारखं 'कट्ट-कट्ट' करत मागे. शेवटी तिनं शाळाच सोडली. तिची आई काकांकडे आली. "भाऊजी, पोरगी घराबाहेर निघून नाही राहिली. तुमच्या पोराले सांगा न!"

"लेकरं मस्करी करून राहिले, वहिनी. नावानं कोणाचं हाड मोडते काय?" काका म्हणाले. एवढा थोर विचार करून ते गाढ झोपलेसुद्धा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गावाची इडा-पिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीची मिरवणूक निघते. गल्लोगल्लीची पोरं कागद-बांबूचे बडगे करतात, नकोशा माणसांची सोंगं काढून मिरवतात आणि गावाबाहेर नेऊन जाळतात. आमच्या बडग्याची घोषणा रचायचा मान अर्थातच काकांचा. त्या वर्षी थोरल्यानं बडग्या दारात आणला: दोन वेण्या, निळ्या रिबिनी, गळ्यात 'तारघर'ची पाटी. हसता हसता काकांना ठसका लागला. तेवढ्यात सुमन तिच्या दारातून थेट त्यांच्यासमोर आली.

"का-का-काका..."

पोरांनी कट्ट-कट्ट सुरू केलं. सगळ्यांत मोठा आवाज थोरल्याचा. पोरीनं तरी वाक्य पुरं केलंच.

"म-मले जा-जाळून राहिले काय?"

काकांचं हसू जागच्या जागी विरलं. ते उठले, बडग्याच्या वेण्या उपटल्या, पाटी फाडली आणि आपला कोट-टोपी त्याला चढवली.

"बाबा, हे काहून?" थोरला रडकुंडीला आला.

"नाव कोणं ठेवलं? म्याच न? मंग मलेच जाळा. अन् तू पुढं चाल!"

बाप-लेक इतवारीपर्यंत "घेऊन जा गे मारबत!" ओरडत गेले. लोकांनी पोट धरधरून हसून घेतलं.

त्यानंतर काका सगळ्यांना पाळण्यातल्या नावानं हाका मारू लागले. गल्ली अगदी अळणी झाली हो! सुमन पुन्हा शाळेत गेली, शिकली. पण तिच्या लग्नाच्या पंगतीत कुठूनसं 'कट्ट-कट्ट' आलंच. पार वाकलेले काका बुंदी वाढत होते, ते थबकले.

"सुमन नाव आहे पोरीचं," ते म्हणाले. "सुमन."

पण त्या गलक्यात त्यांचं ऐकायला कोणी थांबलं नव्हतं.